दोनशे वीस भागिले दहा

१

आग शुक्रवारी संध्याकाळी पाचला लागली आणि सव्वासहाला विझली. तेवढ्या वेळात रामहरी शेटे यांच्या सूत रंगवण्याच्या कारखान्यातली वाळवणखोली आतून कोळसा झाली.

श्रावणाचे दिवस होते. पावसाळा लागल्यापासून सोलापूरवर धड ऊन पडलं नव्हतं. त्यामुळे रंगवलेल्या सुताच्या लडी अंगणाऐवजी या खोलीत बांबूंवर टांगून विजेच्या शेगडीवर वाळवत. अशा साडेतीनशे लडी जळाल्या. खोली सांभाळणारा म्हातारा जोतीराम त्या ओढून काढायला आत घुसला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत भाजून बाहेर आला.

शनिवारी सकाळी फौजदार मानसिंगराव माने त्या खोलीत उभे होते. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुऱ्हाडीचे खून पाहिले होते, घरफोड्या पाहिल्या होत्या, तशाच गंजीला लावलेल्या आगीही. गुन्हा म्हटला की हातात धरता येईल अशी एखादी वस्तू त्यांना लागे. विजेचं त्यांना काही कळत नसे. त्यांच्या घरी अजून कंदील होता.

या वेळी मात्र हातात धरायला दोन वस्तू मिळाल्या. शेगडीजवळच्या राखेत एक पक्कड होती आणि तिच्या दांड्यावर कानशीनं ‘ए’ कोरलेला होता. दुसरी वस्तू बाहेरच्या स्विचबोर्डावर. तिथल्या फ्यूजमध्ये केसासारखी बारीक तार असायला हवी होती. तिथे सुतळीएवढी जाड तार होती.

“साहेब, हे माझ्या वायरमनचं काम,” रामहरी शेटे म्हणाले. “एकनाथचं. त्याला मी काढणार होतो. पुण्याहून नवा माणूस येणार होता.”

“हे त्याला माहीत होतं?”

“सोमवारीच सांगितलं की. तर मला म्हणतो कसा, बघा मग तुमची शेगडी कशी चालते ती. पंचवीस माणसांदेखत म्हणाला.”

दुपारपर्यंत एकनाथ चौकीत होता. सोमवारी अकरा वाजता त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं ठरलं. जाणूनबुजून आग लावण्याला कायद्यात किती वर्षं आहेत, हे त्याच्या बायकोला कुणीतरी रस्त्यातच सांगितलं होतं. ती, शकुंतला, चौकीच्या पायरीवर येऊन बसली आणि उठेना.

२

एकनाथ तिशीचा, हडकुळा माणूस. प्रश्न संपायच्या आधी उत्तर द्यायची त्याला सवय होती आणि ती त्याच्या फायद्याची नव्हती.

“पक्कड माझीच. बुधवारपासून सापडत नव्हती.”

“कुणाला दिली होतीस?”

“कारखान्यात पक्कड मागून कोण नेतंय साहेब? जो तो उचलून नेतो.”

“आणि ती जाड तार?”

एकनाथ खाली बघू लागला. “ती मीच घातली. गुरुवारी दुपारी फ्यूज दोनदा उडाला. शेट वरनं ओरडत होते, माल ओला हाय, शेगडी चालू कर. मी म्हणलं बघतो काय बिघडलंय. ते म्हणाले, बघत बसू नको. मग घातली.”

“फ्यूज का उडतो?”

“वीज जास्त वाहिली की.”

“मग जास्त का वाहिली ते पाहिलंस?”

“न्हाय,” एकनाथ म्हणाला. या प्रश्नाला मात्र त्याला वेळ लागला होता.

शेटजींनी फ्यूजचं बोलणं साफ नाकारलं. त्यांच्यावरही मानसिंगरावांचं लक्ष होतं, कारण जळालेला माल आधीच बिघडलेला होता आणि शनिवारी तो व्यापाऱ्याला द्यायचा होता. हे सांगितलं बजाबाईनं. लडी उलगडायच्या कामावर ती बारा वर्षं होती आणि शेटजींना भीत नव्हती.

“रंग न्हाय बिघडला, सूत करपलं,” ती म्हणाली. “बुधवारी सकाळी शेट सोता आले, लडी हातात घिऊन कुसकरली. जोतीबाला म्हणाले, आच लई हाय, कमी कर. जोतीबा व्हय म्हणाला. त्याच्यानंतर तर जास्तच करपाय लागलं.”

“दुपारच्या सुट्टीत त्या खोलीत कोण जायचं?”

“इंजन बंद असतंय की तवा. सगळी भाकरीला बसत्यात. जोतीबा तेवढा आत. त्याची भाकरीबी तितंच.”

“एकनाथ जायचा?”

“एकदा गेलता. महिना झाला आसंल. शेगडीची तार सुटली हुती, त्यानं टोक कापलं आन परत अडकवलं. जोतीबा दिवा धरल्यावानी वाकून बघत हुता. एकनाथ तोंडानं वाईट हाय साहेब. पर हातानं न्हाय.”

संध्याकाळी मानसिंगराव इस्पितळात गेले. जोतीरामचे दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत होते. साठी ओलांडलेला माणूस. शहरात वीज येण्याआधी चाळीस वर्षं शुक्रवार पेठेतले रस्त्यावरचे कंदील लावण्याचं काम त्यानं केलं होतं. खांब विजेचे झाले तसं ते काम गेलं आणि शेट्यांनी त्याला खोली सांभाळायला ठेवलं.

“शेगडीला कुणी हात लावला, जोतीराम? कुणी काही बिघाड केला?”

“न्हाय जी. मी हुतो की समद्या दिवसात. कोन येनार?”

“तू लावलास?”

“मी कशाला मशीनला हात लावतोय? झाडलोट करायची, लडी फिरवायच्या, वात बघायची. तेवढंच.” मग त्यानं विचारलं, “एकनाथाला धरलंया म्हनं. त्यानं काय केलं?”

मानसिंगरावांनी ते शब्द जसेच्या तसे वहीत लिहून घेतले. जोतीराम खोटं बोलत नव्हता, एवढं त्यांना कळत होतं. मग बाहेरून कुणी आलं नव्हतं, म्हाताऱ्यानं मशीनला हात लावला नव्हता, आणि पक्कड एकनाथची होती.

बाहेर पडताना त्यांच्या मनात प्रकरण संपलं होतं. एकच वस्तू उरली होती आणि ती त्यांना वाचता येत नव्हती. स्विचबोर्डाजवळची वही.

३

धोंडप्पा बिराजदार रेल्वेतून निवृत्त झालेले तारमास्तर. राहायला फौजदारांच्या दोन घरं पलीकडे. रविवारी सकाळी मानसिंगराव ती वही घेऊन गेले तेव्हा धोंडप्पा ओसरीवर कडबोळी खात बसले होते.

“बसा की. ही एकनाथची वही?”

“रोज दुपारी तीनला शेगडीच्या बोर्डावरचे दोन काटे बघून तो दोन आकडे लिहितो. का लिहितो ते त्यालाही सांगता येत नाही. मागचा वायरमन लिहायचा म्हणून लिहितो.”

धोंडप्पांनी चष्मा लावला. पानावर शेवटच्या ओळी अशा होत्या : मंगळवार, २२० आणि ५. बुधवार, २२० आणि साडेपाच. गुरुवार, २२० आणि ८. शुक्रवार, २२० आणि १०. त्याआधीची सगळी पानं २२० आणि ५ यांनीच भरलेली.

“पहिला आकडा व्होल्ट,” धोंडप्पा म्हणाले. “म्हणजे कारखान्याच्या इंजिनावर चालणारा डायनॅमो किती जोरानं वीज ढकलतोय. तो हलला नाही. दुसरा अँपिअर. म्हणजे किती वीज खरंच तारेतून वाहतेय. तो दुप्पट झाला. ढकलणारा तोच, जोर तोच, आणि वाहणारं दुप्पट. का झालं असेल?”

“मला विचारता?”

“वाटेतला अडथळा कमी झाला, फौजदारसाहेब. दुसरं कारणच नाही.” त्यांनी पाटीवर लिहायला घेतलं. “तारेचा अडथळा डोळ्यांना दिसत नाही. पण भागाकार केला की सापडतो. व्होल्टला अँपिअरनं भागा. दोनशे वीस भागिले पाच, चव्वेचाळीस. याला ओहम म्हणतात. बुधवारी चाळीस. गुरुवारी साडेसत्तावीस. शुक्रवारी दोनशे वीस भागिले दहा, बावीस. आता त्याच दोन आकड्यांचा गुणाकार करा. शेगडी किती ताकद खातेय ते निघतं. मंगळवारी अकराशे वॅट. बुधवारी बाराशे दहा. गुरुवारी सतराशे साठ. शुक्रवारी बावीसशे. वाळवायच्या एका शेगडीच्या जागी शुक्रवारी दोन शेगड्या पेटल्या होत्या म्हणा.”

मानसिंगराव पाटीकडे बघत राहिले. आग लागायच्या दोन दिवस आधीपासून आग त्या वहीत लिहिलेली होती. ज्यानं लिहिली तो आता कोठडीत होता, आणि एका ओळीचा भागाकार कुणी केला नव्हता.

“पण अडथळा कमी कसा होतो?”

“तार तीच असेल तर एकाच रीतीनं. ती आखूड होते.” धोंडप्पांनी कडबोळ्याचा तुकडा मोडून बाजूला ठेवला. “शेट्यांकडे या शेगडीची दुसरी, कोरी तार आहे का?”

होती. कारखान्यात खोक्यात बंद. दोन तासांनी ती ओसरीवर आली. बारीक वेटोळं केलेली, बोटाएवढी जाड स्प्रिंग. धोंडप्पांनी ती खिळ्याला अडकवून पूर्ण सरळ ओढली आणि कापडाच्या गजानं मोजली. चव्वेचाळीस फूट भरली.

“म्हणजे या तारेला फुटाला एक ओहम,” ते म्हणाले. “आता ऐका. कुणीतरी बुधवारी दुपारी इंजिन बंद असताना चार फूट तार कापली. गुरुवारी साडेबारा फूट. शुक्रवारी साडेपाच. तापलेल्या तारेचा अडथळा जरासा वाढतो, म्हणून बोटभर इकडंतिकडं धरा. हे तीन तुकडे कुठंतरी असतील. ते ज्याच्या घरात सापडतील, त्यानं हे केलं.”

मानसिंगरावांनी तारमास्तरांकडे पाहिलं. रेल्वेच्या नोकरीत हा माणूस सोलापुरात बसून, तार कुर्डुवाडीच्या अलीकडे कितव्या मैलावर तुटली ते सांगत असे, अशी पेठेत बोलवा होती. ती त्यांनी आजवर थापेत जमा केली होती.

त्यांनी हवालदाराला एकनाथच्या घरी पाठवलं. हवालदार तासाभरानं परत आला आणि त्याच्या हातात तारेचं वेटोळं होतं.

४

शकुंतला हवालदाराच्या मागोमाग चालत आली होती. ती ओसरीच्या खाली उभी राहिली.

“ती तार म्या कपडे वाळत घालायला बांधलीया,” ती म्हणाली. “दिवाळीपासनं हाय. आळीत कुनालाबी विचारा.”

धोंडप्पांनी वेटोळं हातात घेतलं, नखानं खरवडलं आणि परत दिलं. “ही तांब्याची. शेगडीची नव्हे. घेऊन जा बाई, कपडे वाळव.”

“मग मालकास्नी सोडतासा?”

ती तिथेच, पायरीच्या कडेला बसली. फक्त पायरी बदलली होती.

“मास्तर,” मानसिंगराव म्हणाले, “तुकडे त्यानं फेकूनही दिले असतील. आकडे खरे मानले तरी हात एकनाथचाच निघतो. शेगडी कशी पेटेल हे त्यालाच ठाऊक.”

“म्हणूनच तो नव्हे. ज्याला ठाऊक आहे आणि जाळायचंच आहे, तो एका दिवसात अर्धी कापून मोकळा झाला असता. ह्यानं पहिल्या दिवशी भीतभीत चार फूट कापली. दुसऱ्या दिवशी एकदम तिप्पट. माणूस असं कधी करतो? औषधाचा गुण आला नाही, की मात्रा वाढवतो. ह्याला जे हवं होतं ते घडत नव्हतं.”

“घडत कसं नव्हतं? उष्णता तर वाढत होती.”

“होय की,” धोंडप्पा म्हणाले. “वाढत होती.”

मानसिंगरावांना बजाबाईचं बोलणं आठवलं. आच लई हाय, कमी कर.

“जोतीरामचा जबाब वाचून दाखवा पुन्हा,” धोंडप्पा म्हणाले.

फौजदारांनी वही उघडली. “मी कशाला मशीनला हात लावतोय. झाडलोट करायची, लडी फिरवायच्या, वात बघायची.”

“कसली वात?”

“कंदिलाची.”

“वाळवणखोलीत कंदील आहे?”

नव्हता. रॉकेलचा थेंबही त्या खोलीत न्यायची बंदी होती, तशी पाटीच दारावर होती. जळक्या खोलीत मानसिंगराव तासभर उभे राहिले होते आणि त्यांना तिथे कंदिलाची काच, टाकी, कडी यातलं काही दिसलं नव्हतं. तरी जबाब लिहून घेताना ‘वात’ म्हटल्याबरोबर त्यांनी मनातल्या मनात त्या खोलीत कंदील टांगून टाकला होता.

जोतीरामचं घर चार बोळ पलीकडे होतं. दोघं गज घेऊन पोचले तेव्हा त्याची बायको सोजरबाई नवऱ्यासाठी डब्यात कण्या भरत होती.

“बाई, जोतीरामनं कारखान्यातून तारेचे तुकडे आणले होते का?”

“तारंचे न्हाय,” सोजरबाई म्हणाली. “वाती आनल्या हुत्या. लोखंडाच्या. तीन दिस रोज एक. मी म्हनलं ह्या कशाला घरात? तर म्हनाले, दिव्याची छाटलेली वात पायदळी पडू द्यायची न्हाय, मग ती कसली का आसंना. तुळशीत ठिवल्यात.”

तुळशीच्या बुंध्याशी, कापसाच्या काळ्या पडलेल्या वातींच्या बाजूला, तीन वेटोळी नीट ओळीनं ठेवलेली होती. पहिल्या वेटोळ्यावर हळद वाहिलेली होती.

मानसिंगरावांनी ती स्वतः ओढून सरळ केली आणि स्वतः मोजली. धोंडप्पांनी गजाला हात लावला नाही. चार फुटाला दोन बोटं कमी. साडेबारा फूट. साडेपाच फूट आणि नखभर.

ते उकिडवे बसले होते, तसेच राहिले. सकाळी एक म्हातारा ओसरीवर बसून पाटीवर आकडे मांडतो, आणि चार बोळ पलीकडच्या तुळशीत, त्यानं कधी न पाहिलेल्या तारा बोटभर चुकीनं निघतात. साक्षीदार नव्हता, कबुली नव्हती. दोन काटे आणि एक भागाकार. बावीस वर्षांत इतकं खरं बोलणारं त्यांना कुणी भेटलं नव्हतं.

“काय झालं वो?” सोजरबाईनं विचारलं. “वाती तुळशीत ठिवू ने व्हय?”

५

इस्पितळात जाताना मानसिंगरावांनी धोंडप्पांसोबत एकनाथलाही बरोबर घेतलं. का, ते त्यांनी हवालदाराला सांगितलं नाही.

“जोतीराम,” ते म्हणाले, “शेगडीची वात तू छाटलीस?”

“व्हय की,” जोतीराम म्हणाला. “शेट म्हनाले आच कमी कर. कंदील भडकाय लागला की वात छाटायची, ते तर लहान पोरालाबी कळतंय. टोक कसं काढून अडकवायचं ते एकनाथाचं बघितलं हुतं. पक्कड त्याच्या पिशवीतनं घेतली, सांगायचं ऱ्हाऊन गेलं.” तो एकनाथकडे वळला. “रागवू नगंस.”

“मशीनला हात लावला नाही म्हणालास.”

“मशीनला न्हाईच लावला. वातीला लावला.”

“आणि छाटल्यावर आच कमी झाली?”

“न्हाय. हट्टी निघाली. म्हनून दुसऱ्या दिशी जास्त छाटली. तरीबी भडकाय लागली. म्हनलं आजून हाय, आजून छाटाय पायजे.”

धोंडप्पा पलंगाच्या कडेवर बसले. सांगणं त्यांच्याकडे आलं होतं.

“जोतीबा, ती वात नव्हे. तो बोळ आहे. आपल्या पेठेतला अरुंद बोळ असतो तसा. एका तोंडाला माणसांची रेटारेटी आहे, ती कमी होत नाही. बोळ लांब असला तर माणसं अडखळत, थोडी थोडी पार होतात. तू बोळ आखूड केलास. रेटा तोच राहिला, आणि माणसं लोंढ्यानं आली. त्यांच्या घासण्यानंच तार तापते.”

जोतीराम ऐकत होता. पट्ट्यांतले हात त्यानं छातीवर आडवे ठेवले होते.

“म्हंजी मी जितकी कमी केली,” तो सावकाश म्हणाला, “तितकी ती वाढली.”

“होय.”

“बराबर तितकीच?”

“बरोबर तितकीच. अर्धी केलीस, दुप्पट झाली.”

“मंग कमी कराय काय कराय पायजे हुतं?”

“तार वाढवायची.”

जोतीरामनं वर छताकडे पाहिलं. तिथे विजेचा एक दिवा दिवसाही लागलेला होता.

“चाळीस वरसं वात बघितली,” तो म्हणाला. “पेठेत म्या लावलेला कंदील पहाटंपातूर कवा काजळला न्हाय. आन ही वात उलटी. वाढवली की बारीक, छाटली की मोठी.” त्याच्या आवाजात दुःख होतं, पण दुःखाच्या आधी दुसरंच काही आलं होतं. देवळात पहिल्यांदा गाभाऱ्यापर्यंत पोचलेल्या माणसाचा आवाज तसा होतो. “कुनाला म्हाईत हुतं हे?”

“माझ्या वहीत होतं,” एकनाथ म्हणाला. “रोज मीच लिवत हुतो दादा. फ्यूज उडाला तवाच बघायला पायजे हुतं. शेट म्हणाले म्हणून नव्हं, मलाच बघायचं सुचलं न्हाय.”

“तुला आता सोडतील,” जोतीराम म्हणाला आणि फौजदारांकडे वळला. “माझं नाव लिवा साहेब. हात बरं झाल्याव अंगठा देतो. आत्ता उमटायचा न्हाय.”

सोमवारी अकराला एकनाथ मॅजिस्ट्रेटसमोर उभा राहिला नाही. सव्वाअकराला तो आणि शकुंतला चौकीच्या पायरीवरून उतरून घरी गेले. ती पुढे होती आणि रस्ताभर त्याला बोलत होती.

मानसिंगरावांना अहवाल लिहायला दुपार लागली. छापील कागद होता, रकाने ठरलेले. आग कोणाच्या हातून लागली, या रकान्यात त्यांनी जोतीरामचं नाव लिहिलं. साधन : पक्कड. पुरावा : तारेचे तीन तुकडे, बोर्डाची वही, आणि धोंडप्पांच्या पाटीवरून उतरवून घेतलेले चार भागाकार, जे त्यांनी सहीआधी स्वतः करून पाहिले. शेवटचा रकाना हेतूचा होता. तिथे स्वच्छ अक्षरात त्यांनी लिहिलं : ‘खोलीतली उष्णता कमी करणे.’

बुधवारी कागद वरच्या कचेरीतून परत आला. तिथल्या कारकुनानं शेवटच्या शब्दांखाली तांबड्या पेन्सिलीनं रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं, ‘लेखनदोष दिसतो. वाढवणे असे हवे काय?’

मानसिंगरावांनी ते वाचलं. रबर घेऊन तांबडी रेघ तेवढी पुसली, एकही अक्षर न बदलता कागद पाकिटात घातला आणि पुन्हा पाठवून दिला.